वन्सांची साइडपट्टी

आमदाराची गाडी असो की नवरदेवाची, माझ्या थोरल्या नणंदेने लाल फडकं हलवलं की ती आमच्या जुन्या पुलाआधी थांबायचीच. वन्सांना या कामावर कुणी नेमलं नव्हतं. त्यांचं शेत पुलाला लागून. बैलगाडी, ट्रॉली, मेंढरं, काहीही सावकाश चालणारं पुलावर चढलं, की त्या खुरपं टाकून रस्त्यावर हजर. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून कान किटवायचे. एकदा एक ट्रकवाला ओरडला, "आजी, पूल काय तुमच्या बापाचा हाय का?"

"माज्या बापाचा असता तर एवढा अरुंद बांधला नसता, भाऊ!"

तो हसला आणि त्याने इंजिन बंद केलं. दुसऱ्या टोकाला त्या मला उभं करायच्या. मी लाजत हात पुढे केला की पलीकडून हाक यायची, "वैनी, भीक मागितल्यासारखा नको, थांबवल्यासारखा कर!"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चांगली साइडपट्टी होती, पण पुलापाशी येऊन ती संपायची. पुढे चाकाला लागूनच कठडा. एके वर्षी वन्सांचे मालक कांद्याची ट्रॉली घेऊन ओतूरच्या बाजाराला निघाले होते. पुलाच्या मधोमध ट्रॅक्टरचं चाक बसलं. बाजूला घ्यायला जागाच नाही. ते उतरून चाक बघत होते, तेवढ्यात मागून ट्रक आला. वन्सांनी त्या ड्रायव्हरला कधी शिव्याशाप दिले नाहीत. "त्यो तरी कुठं जाणार व्हता?" एवढंच म्हणायच्या.

तेव्हापासून त्यांना जिथेतिथे साइडपट्टी लागते. घरात बाज भिंतीपासून लांब. पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी बसलेली पंगत उठवली. "दोन रांगा चिकटून बसल्या, मग गरम आमटीवाल्यानं सरकायचं कुठं?" नवरीकडचे पाहुणे पत्रावळी हातात धरून मागे सरकले. माझे मालक म्हणाले, "आक्का, हा मांडव हाय, हायवे न्हाई." पण आमटी कुणाच्या अंगावर सांडली नाही, हेही खरं.

यंदा शेजारी नवा पूल झाला. वन्सं फडकं घेऊन बघायला निघाल्या, मीही गेले. पुलावर साइडपट्टी चांगली ऐसपैस, आणि तिथे एक टेम्पोवाला पंक्चर झालेलं चाक बदलत होता. शेजारून गाड्या सरळ जात होत्या. कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हतं. वन्सं त्याच्या मागे, गाड्यांच्या बाजूला, जाऊन उभ्या राहिल्या. फडकं हातात होतं, पण हलवलं नाही.

त्याने वळून विचारलं, "काय झालं, आजी?"

"काय न्हाई भाऊ. तुमी सावकाश करा."

मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हितं मावला असता गं आपला ट्रॅक्टर."

"ट्रॉलीसकट मावला असता," मी म्हणाले.

टेम्पो निघून गेला. वन्सं तिथेच उभ्या होत्या. मी त्यांना घरी चला म्हटलं नाही.