एक गाव, एक थांबा

तात्याराव कांबळ्यांचं नाव आजही कारखान्यात कौतुकानं निघतं, आणि ते ऐकलं की डोकं फिरतं. बेंबळीकडच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीत जन्मलेला हा माणूस औरंगाबादला गणित शिकला. मग मुंबईत खोलीभर पसरलेल्या यंत्राला भोकं पाडलेल्या कार्डांवरून गणितं घालत राहिला. कंप्युटर हा शब्दही तेव्हा गावाकडं कुणी ऐकला नव्हता. पुढं भागातल्या सहकारी साखर कारखान्यानं कंप्युटर घेतला, तेव्हा चेअरमन आबारावांनी त्यांना मोठ्या मानानं बोलावून आणलं.

शहाऐंशीचा दुष्काळ. टँकर कारखान्याचे, डिझेल तुटपुंजं. तात्यारावांनी फेऱ्यांचं गणित असं बसवलं, की तेवढ्याच डिझेलात कितीतरी जास्त गावांना पाणी मिळालं. हारतुरे झाले. गणितात एक गाव म्हणजे एक थांबा, गावची विहीर. टँकर तिच्यात रिकामा करायचा, लोकांनी शेंदून न्यायचं.

रविवारी ते घरी गेले. त्यांची आई भिमाबाई विहिरीपासून लांब, उन्हात, रिकामी घागर घेऊन बसलेली. वस्तीला तिथं पोहरा टाकायची बंदी. कुणी वरून ओतलं तरच पाणी.

"कवाधरनं बसलीस, आई?"

"सकाळधरनं. तुझ्या मशिनीला आपली वस्ती दिसली न्हाय व्हय रं?"

तात्यारावांच्या अंगाची लाही लाही झाली. गावावर संताप होताच, त्याहून जास्त स्वतःवर. याच विहिरीपाशी तहानलेला उभा राहिलेला पोरगा मोठा झाला, शिकला, आणि त्यानंच गाव एक धरलं! वाटेभर ते स्वतःला शिव्या घालत होते.

सोमवारी त्यांनी गावोगावच्या वस्त्यांचे थांबे वेगळे मांडले. आबारावांनी कागद बाजूला सारला.

"एका गावाला दोन थांबे? डिझेल कुठनं आणू?"

"पहिलं गणित चुकलंय, साहेब. मीच चुकलोय."

"लई मनाला लावून घेता बघा तुम्ही. तुमच्या आईसाठी एक फेरी वेगळी पाठवतो. झालं?"

"आईला भीक नको!" तात्यारावांनी टेबलावर मूठ आपटली. "सगळ्या वस्त्या धरा, न्हायतर त्या गणितावरनं माझं नाव काढा."

त्यांनी तिथंच राजीनामा लिहून दिला. आबारावांनी तो तेवढा घेतला. गणितही ठेवलं, नावही ठेवलं. पाऊस पडेपर्यंत टँकर विहिरीतच रिकामे होत राहिले. रिकाम्या घागरी घेऊन जाब विचारायला आलेल्या वस्त्यांमधल्या बायकांना कारखान्याच्या फाटकावर एकच उत्तर मिळायचं, "आम्हाला काय विचारता? तुमच्याच तात्यारावानं ठरवलंय."