दोन मंडळ्या आणि नदीचं पाणी

त्या वर्षी मला प्रार्थनेला बसायचीच भीती वाटू लागली होती. डोळे मिटले की मनात यायचं, आपलं वर ऐकू जात असेल का? साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, पण त्यांच्यातही दोन मंडळ्या झाल्या होत्या. जुन्या मंडळीत तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत. माझाही तसाच झाला होता. नव्या मंडळीचं म्हणणं, कळत्या वयात, स्वतः विश्वास धरून, नदीत बुडून घेतला तोच खरा. शास्त्र दोघींचं एकच. नवे म्हणत, प्रभू स्वतः यार्देन नदीच्या पाण्यात उतरले. जुने म्हणत, प्रेषितांनी अख्ख्या घराण्यांना बाप्तिस्मा दिला, त्यात लेकरं नव्हती काय? एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

माझे वडील जुन्या मंडळीचे पंच. लग्नानंतर माझे यजमान नव्या मंडळीत गेले, तेव्हापासून सासऱ्या-जावयांचं बोलणं बंद. एका संध्याकाळी हे म्हणाले, "मले तुही काळजी वाटते. उद्या काही झालं, अन् तू मले तिकडं, प्रभूच्या घरी, भेटलीच नाही, तं मी काय करू?" आवाजात राग नव्हता, म्हणून मी जास्तच घाबरले. बाबांच्या कानावर घालायला माहेरी गेले. ते म्हणाले, "तुह्या मायले याच बाप्तिस्म्यावर मातीत ठेवलं आपण. ते खोटं होतं काय मंग?"

आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. पाण्यात उतरले तर आईला परकी करते, नाही उतरले तर नवऱ्याला. आणि यातलं देवाला काय हवं, ते मला सांगणारं कुणी नव्हतं. शेवटी मी हो म्हटलं, ते विश्वासाने नाही. यांच्या डोळ्यांतली भीती मला पाहवत नव्हती.

भादवा होता. पूर ओसरला होता, पण पाणी अजून गढूळ होतं आणि मला पोहता येत नव्हतं. काठावर नव्या मंडळीचे लोक गात होते. पाळकसाहेबांनी माझा हात धरला, हे मागून आले. कमरेइतक्या पाण्यात गेलो तोच पायाखालची वाळू सरकू लागली. वर जंगलात पाऊस झाला असावा. पाण्याला एकाएकी ओढ आली. पाळकसाहेबांचा तोल गेला, त्यांचा हात सुटला आणि मी वाहून निघाले.

नाकातोंडात पाणी गेलं. एकही वचन आठवलं नाही, कोणत्या मंडळीची प्रार्थना म्हणावी तेही सुचलं नाही. "प्रभू" एवढंच मनात आलं आणि हातपायातलं बळ गेलं.

मग कुणीतरी माझी वेणी पकडली. वळणावर तांड्यावरची एक बंजारीण धुणं धूत होती. एका हाताने खडक धरून ती पाण्यात आडवी झाली होती. तिने मला काठावर ओढलं, पालथं घातलं, पाठीवर थापट्या मारल्या. पाणी ओकून झाल्यावर मी रडू लागले, तशी ती म्हणाली, "रडू नको बाई. नदीनं सोडलं तुले."

काठाकाठाने दोघं धावत आले. एक हे, आणि दुसरे बाबा. उतरू नये म्हणून मला अडवायला ते आले होते आणि धीर न होऊन पळसाआड उभे राहिले होते. दोघं माझ्यापासून हातभर लांब थांबले, एकमेकांकडे न बघता. त्या बाईने विचारलं, "कोनाची पोर हाय?"

"आमची," दोघं एकदमच बोलले.

"मंग दूर काहून उभे हाय? थंडीनं मरून राह्यली ते. धरा न तिले."

बाबांनी खांद्यावरचा पंचा माझ्याभोवती गुंडाळला. हे माझे पाय चोळू लागले. चोळता चोळता ते रडायला लागले, तसा बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या बाईने धुणं पिळलं, डोक्यावर घेतलं आणि ती निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढे तांड्यावर जाऊन चौकशी केली, पण ती पाहुणी आलेली होती म्हणे.

बाप्तिस्म्याचे शब्द पुरे झाले नव्हते, म्हणून नव्या मंडळीने मला पुन्हा उतरायला सांगितलं. जुन्या मंडळीने मी उतरलेच कशी म्हणून जाब विचारला. मी दोघींनाही हात जोडले, पुन्हा पाण्यात काही उतरले नाही. मंडळ्या काही एक झाल्या नाहीत; पण नाताळला बाबा आमच्याकडे जेवले, आणि जेवणाआधीची प्रार्थना त्यांनी जावयाला करायला सांगितली.

पाण्याची भीती माझी आजही गेलेली नाही. एसटी पुलावर आली की छातीत धडधडतं. तेव्हा मला आठवतं, त्या दिवशी मला काहीच धरता आलं नव्हतं, तरी मी वाचले. मग डोळे मिटून एवढंच म्हणते, प्रभू, तुझ्या हाती आहे. आपलं ऐकलं जातं का, असं आता मनात येत नाही.