आबांचा काळा फोटो

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते. बायको शाळेत शिकवते, तिची सुट्टी रविवारी. त्यामुळे गुरुवारी मी घरात एकटा असतो आणि एकटा असलो की घरातल्या वस्तू दुरुस्त करायला काढतो. मिक्सरचे दोन भाग झाल्यावर बायकोनेच मला कॅमेरा घेऊन बाहेर जायला सांगितलं.

कंपनीतले मित्र सुट्टीला लोणावळ्याकडे जातात. मीही एकदा गेलो होतो. तिथे दरीच्या कडेला एका ठरावीक दगडावर उभं राहून, हात पसरून फोटो काढायचा अशी पद्धत होती आणि त्या दगडासाठी रांग लागली होती. माझं डोकंच फिरलं. "राव, दगडावर उभं राहायला रांग? रेशन मिळतंय का इथं?" असं मी जरा मोठ्याने बोललो. पुढच्या ट्रिपला त्यांनी मला विचारलं नाही आणि मीही उत्साह दाखवला नाही.

मग मी उलट्या दिशेने फिरायला लागलो. म्हणजे मोशीहून चाकणकडे, रोज कामाला जातो त्याच रस्त्याने. फक्त कंपन्यांच्या पुढून जायच्या ऐवजी मागून. मागची बाजू कुणी बघायची नसते, म्हणून ती बघण्यासारखी असते. दोन गोदामांच्या मधे अडकलेलं मारुतीचं देऊळ, ज्याच्या पारावर आता ड्रायव्हर लोक अंघोळ करून कपडे वाळत घालतात. घडीव दगडाची विहीर आणि तिच्या काठावर मोबाइलचा टॉवर. नव्या कोऱ्या गाड्या लादलेल्या ट्रेलरच्या सावलीत स्टोव्हवर शिजणारा भात. इथे फोटो काढायला एकही माणूस रांगेत उभा नव्हता. मी खूश होतो.

एकच अडचण होती. या पट्ट्यात कॅमेरावाला माणूस हौशी असू शकतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तो मोजणीवाला असतो, नाहीतर बिल्डरचा माणूस, नाहीतर एजंट. निघोजे गावाच्या मागच्या अंगाला एका कंपनीच्या भिंतीला लागून एक गोठा दिसला, गोठ्यात एक पांढराशुभ्र म्हातारा बैल. मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं आणि मागून आवाज आला.

"कोन हाय रं तिकडं? मोजणीला आलायस का?"

धोतर, टोपी, हातात खराटा. हे आबा.

"नाही आबा. हौस म्हणून काढतोय फोटो."

"हौस? हितं?" त्यांनी भिंतीकडे बघितलं, भिंतीखालून वाहणाऱ्या नाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बायकू न्हाई का तुला?"

आहे म्हटल्यावर त्यांना माझी जास्तच काळजी वाटली असावी, कारण त्यांनी चहाला बसवलं. मी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बैलाचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि खराटा खाली ठेवला.

तो बैल साधा नव्हता. आमच्या या भागात जत्रा म्हटली की बैलगाड्यांची शर्यत येते. त्या शर्यतीच्या चढणीला घाट म्हणतात, आणि आसपासच्या कितीतरी घाटांवर हा बैल पहिला आला होता. मग शर्यतींवर बंदी आली. लोकांनी बैल विकले. आबांनी ठेवला. बंदी उठली तेव्हा बैलाचं पळायचं वय निघून गेलं होतं. जमीन तर त्याआधीच कंपन्यांसाठी गेली होती, उरलं होतं ते घर, गोठा आणि भिंतीलगतची पट्टी. "आता ह्यो पळत न्हाई, मी नांगरत न्हाई," आबा म्हणाले. "दोघं बसून खातो." आजी चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आन् मी दोघांचं करती."

त्यानंतर माझे गुरुवार तिथेच संपायला लागले. फोटो काढायला कुठेही गेलो तरी परतताना चहा निघोज्यात. मी मूळचा धाराशिवकडचा. या शहरात मला ओळखणारे पुष्कळ आहेत, ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग येतं. पण मी एखाद्या गुरुवारी गेलो नाही, तर पुढच्या वेळी "का रं, आला न्हाईस?" असं रागावून विचारणारी माणसं फक्त ती दोन होती.

तो फोटो मी थंडीत काढला. सकाळचं ऊन होतं. आबांचा हात बैलाच्या वशिंडावर होता, बैलाचे डोळे अर्धे मिटलेले, मागे कंपनीची राखाडी भिंत. मी तो कृष्णधवल केला. त्या काळात मी रंगाच्या विरोधात होतो. रंग काढून टाकले की नुसता माणूस उरतो, असं काहीबाही मी बायकोलाही ऐकवायचो आणि ती भाजी चिरत राहायची. चांगला मोठा प्रिंट काढला, फ्रेम केली आणि मिरवत घेऊन गेलो.

आबांनी फोटोतल्या बैलाच्या पाठीवरून बोट फिरवलं. आजींनी पदराला हात पुसले, फ्रेम उजेडाकडे धरली.

"ह्यो काळा का?"

"आजी, कृष्णधवल म्हणतात त्याला. कलेचा फोटो असा असतो."

"कलेचा न्हाई, मयताचा आसतो. जित्या मानसाचा काळा फोटो भितीला लावीत नसत्यात."

मी समजावलं. छाया, प्रकाश, पोत, काय काय बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फ्रेम जुन्या लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली, वर कुलूप. मला राग आला. इतका की घरी आल्यावर मी तोच फोटो त्यांच्या मुलाला व्हॉट्सअॅपवर पाठवून दिला. मुलगा टेम्पो चालवतो. त्याने एक अंगठा पाठवला.

पुढे कंपनीत माल वेळेत द्यायची घाई लागली आणि आमचे गुरुवारही ओव्हरटाइममध्ये गेले. महिनाभर निघोज्याकडे फिरकणं झालं नाही. आणि मग एका सकाळी, पहिल्या शिफ्टला जाताना, कंपनीच्या बसच्या खिडकीतून मला माझा फोटो दिसला.

निघोज्याच्या फाट्यावरच्या चौकात फ्लेक्स लागलेले असतातच. वाढदिवस, निवड, पुन्हा वाढदिवस. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, मीही बघत नाही. पण आपण काढलेला फोटो माणसाला झोपेतही ओळखू येतो. आबा. बैल. राखाडी भिंत. सगळ्या रंगीबेरंगी चेहऱ्यांत तेवढा एकच काळापांढरा, आणि वर मोठ्या अक्षरांत "भावपूर्ण श्रद्धांजली". खालच्या भागात नाव आणि मजकूर असणार, पण तिथे एक मालवाहू गाडी आडवी लावलेली होती.

मी मोबाइल काढला. फोटो काढून मोठा करून बघावा, गाडीच्या कडेने काहीतरी वाचता येईल. स्क्रीन काळी. कंपनीच्या गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, आतलं काही बाहेर जाऊ नये म्हणून. रोज काढायचा आणि रोज नवा लावून घ्यायचा कंटाळा येतो, म्हणून आम्ही बहुतेकजण तो तसाच ठेवतो. माझा तर काही आठवड्यांचा होता. मी नखाने खरवडायला लागलो. बस वळली.

"काय झालं भाऊ?" शेजारच्या सीटवरच्याने विचारलं. मी त्याला "काही नाही" म्हणालो.

चहाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढून आबांच्या मुलाला लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावायची माझी छाती झाली नाही. उचलला असता तर खरं झालं असतं. मी क्वालिटीत आहे, दिवसभर पार्ट तपासतो. त्या दिवशी कुठला पार्ट कुठल्या ट्रेमध्ये टाकला ते माझं मला ठाऊक नाही. डोक्यात एकच चाललं होतं, आजींचं ते वाक्य. मी अशा गोष्टी मानत नाही. पण मयताचा फोटो म्हणून त्यांनी कुलपात ठेवलेला फोटो मीच हट्टाने बाहेर पाठवला होता, आणि आता तो मयताचाच फोटो म्हणून चौकात लागला होता. मला स्वतःचा संताप येत होता, आणि त्याहून जास्त रडू येत होतं.

शिफ्ट सुटल्यावर ड्रायव्हरला सांगून फाट्याच्या अलीकडेच उतरलो. चौकातून जायचं म्हणजे तो फ्लेक्स पुन्हा बघावा लागला असता. हारवाल्याकडून झेंडूचा हार घेतला. वाटेत ओळखीचे दोघेतिघे दिसले, पण कुणाला काही विचारलं नाही, मान खाली घालून चालत राहिलो. आबांच्या अंगणात सतरंजी टाकलेली होती. टोप्या घातलेली चार म्हातारी माणसं गप्प बसली होती. मी अंगणाच्या कडेलाच थांबलो.

दारातून आजी बाहेर आल्या. डोळे सुजलेले. मी बघायचं नाही म्हणत होतो तरी आधी त्यांच्या कपाळाकडेच बघितलं. कुंकू होतं. नेहमीसारखं, रुपयाएवढं, ठसठशीत.

माझ्या डोक्यात काही शिरायच्या आत गोठ्याकडून खोकल्याचा आवाज आला आणि आबा आले. त्यांच्या खांद्यावर टॉवेल होता, दाढी वाढलेली होती.

"आबा!" मी जवळजवळ ओरडलोच. "तुम्ही आहात!"

"मी न्हाई तर कोन आसंन?" आबा म्हणाले.

मला हसू फुटलं. आवरेना. सतरंजीवरची चारही माणसं माझ्याकडे बघायला लागली. छातीवर सकाळपासून ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता आणि मला मोठमोठ्याने श्वास घेता येत होता. मग मी आबांच्या मागे पाहिलं. गोठा झाडून स्वच्छ केलेला होता. खुंट्याला दावं गुंडाळून ठेवलेलं होतं. बैल नव्हता.

माझं हसू तसंच तोंडावर राहिलं. ते कुठे ठेवावं तेच कळेना.

"परवा पहाटं गेला," आबा म्हणाले. "रातच्याला खाल्लं न्हाई. मानंखाली हात घालून बसलो व्हतो. पोरानं बोर्ड लावला चौकात. त्याच्याकडं तुझाच फोटो व्हता, दुसरा व्हता कुठं?" मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या पिशवीकडे गेलं. "हार आनलास? लय बरं केलंस."

ते मला भिंतीलगतच्या पट्टीवर घेऊन गेले. तिथे त्यांनी त्याला मीठ घालून पुरलं होतं. मातीवर गुलाल होता. गावातून कितीतरी माणसं आली होती म्हणे, एकेकाळी ज्यांचे बैल त्याच्यापुढे हरले होते तीही. आबांसाठी आणलेला हार मी बैलाच्या मातीवर ठेवला. वाकताना मला पुन्हा तेच वाटलं, आबा माझ्या शेजारी उभे आहेत, त्यांच्या चपला मला दिसत आहेत, आणि मला याचा आनंद झाला आहे. ज्या जागी आनंद होऊ नये नेमका तिथेच तो होत होता.

आजींना फसवणं कठीण. परत आल्यावर चहा देता देता त्यांनी विचारलं, "तुला वाटलं व्हय, हे गेले?"

मी मान हलवली. आबांनी कप खाली ठेवला. मग ते हसायला लागले, दात नसलेलं, खांदे हलवणारं हसू. "माझ्यासाठी हार! आरं मर्दा!" हसता हसताच टॉवेल तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढला नाही. आजी मला म्हणाल्या, "दोन दिस झालं, डोळ्यातनं टिपूस न्हाई काढलं ह्यांनी. बरं झालं आलास."

थोड्या वेळाने त्या उठल्या. "आता ह्यांचा एक चांगला काढ. रंगीत. आत्ताच."

कॅमेरा घरी होता. मी मोबाइल काढला, सकाळी अर्धवट खरवडलेला स्टिकर उचकटून टाकला आणि काच शर्टाला पुसली. एका बाजूचा डिंक काही निघेना. आबा सवयीने गोठ्यापाशी, त्या जुन्या जागी जाऊन उभे राहिले. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, वशिंडाच्या उंचीला, आणि तिथे काहीच नव्हतं. हात तसाच थांबला. खाली कसा आणायचा ते त्यांना सुचत नव्हतं, आणि मला बटण दाबवत नव्हतं.

आजी गेल्या आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या. आबांचा हात त्यांच्या खांद्यावर आला.

"मी काय बैल हाय व्हय?" आजी म्हणाल्या, पण हलल्या नाहीत.

तो फोटो माझ्याकडे आहे. डिंकामुळे एक कोपरा धुरकट आलाय, आजींचं लुगडं हिरवं आणि कुंकू लालभडक आहे. मी तो काळापांढरा करून बघितलेला नाही.