वशिंडाचं कडं

सुधीरच्या बायकोचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी हॉलंडमध्ये, हार्लेमच्या घरी, स्वयंपाकघरात, कॅमेरा बंद करून ऑफिसची मीटिंग ऐकत होतो. "सुधीर गेला रे," एवढंच ती म्हणाली. मी उभा राहिलो, बसलो, परत उभा राहिलो. कोरोनामुळे हॉस्पिटलात जाता आलं नव्हतं, अंत्यविधीलाही घरचीच मोजकी माणसं... नागपूरच्या हॉस्टेलपासूनचा माझा दोस्त, त्याला मी लॅपटॉपच्या पडद्यावर निरोप दिला. मधेच नेट अडकलं तेव्हा टेबलावर मूठ आपटली. राग कुणावर होता, देव जाणे.

सुधीर हॉलंडच्याच दुसऱ्या टोकाला, नायमेखनला चिपच्या कंपनीत इंजिनिअर. सुट्टी मिळाली की बागेतल्या शेडमध्ये लेथवर. जर्मनीतल्या एका डोंगराळ गावी हा सहलीला म्हणून गेला आणि तिथल्या म्हाताऱ्या कारागिरापाशी अडकला तो अडकलाच. लाकडी खेळणी करायची त्यांची तऱ्हाच अजब. ओल्या लाकडाची जाड चकती लेथवर फिरवायची, एका बाजूने पोट आणि पाय कोरायचे, मग उलटवून दुसऱ्या बाजूने पाठ. हाती येतं एक खाचाखाचांचं कडं. केक कापावा तसे त्याचे उभे काप काढले की प्रत्येक काप म्हणजे एक घोडा, नाहीतर एक गाय. पण कापेपर्यंत आत काय झालंय ते करणाऱ्यालाही दिसत नाही. आणि चुकलं तर एक जनावर नाही, अख्खा कळप चुकतो.

आम्ही तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत मोठे झालेलो. साहजिकच सुधीरला बैल हवा होता, आणि आपला बैल म्हटला की वशिंड आलंच. म्हातारा म्हणाला, असलं जनावर आमच्या गावात कुणी केलेलं नाही. झालं! हा पेटला. पहिल्याच खेपेला चकती उलटवल्यावर त्याने माप भलत्याच कडेवरून घेतलं आणि साऱ्या कळपाचं वशिंड शेपटीवर उगवलं. मी हसून हसून लोळलो. पुढच्या कड्यात ते मानेवर चढलं. "अरे, मधेच एक काप काढून बघ ना," मी वैतागून म्हणायचो. तो पटाशीला धार लावत म्हणायचा, "कायले घाई करून राहिला बे?"

पहिला काप मात्र नेहमी वैशालीने काढायचा. हा भिंतीकडे तोंड करून उभा. ती ओरडायची, "चुकलं रे!" की हा मुकाट्याने नवी चकती उचलायचा.

लॉकडाऊनमध्ये त्याने आणखी एक कडं पुरं केलं. त्याच संध्याकाळी ताप भरला... कडं फळीवर तसंच राहिलं.

काही आठवड्यांनी मास्क लावून रिकाम्या गाडीने नायमेखनला गेलो. चहा निवत होता आणि माझा जीव शेडमध्ये. त्याचा शेवटचा कळप फसला असेल, या विचाराने मला झोप नव्हती.

"वैशाली, कापलंस?"

"नाही."

"अगं, पण कळायला नको?"

"कळून काय करू?" ती एकदम चिडली. "चुकलं असेल तर कुणाला सांगू? तो नवी चकती उचलणार आहे का आता?"

मला बसवेना. शेडमध्ये जाऊन भुसा झाडला, उगाच हत्यारं हलवली. फळीवरचं कडं हातात घेतलं, परत ठेवलं. इतका राग आला मला त्या मुक्या लाकडाचा! मागून वैशाली आली. डोळे पुसलेले. "तू असा येरझाऱ्या घालू नकोस बाबा, मला सहन होत नाही," म्हणाली आणि फळीवरून सुरी आणि हातोडी उचलली.

सवयीने मी भिंतीकडे वळलो.

दोन ठोके. मग काहीच नाही. मी वळून पाहिलं. तिच्या तळहातावर बैल उभा होता, वशिंड पुढच्या पायांच्या बरोब्बर वर, जिथे असायला हवं तिथेच. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग घराकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडली, "सुधीर, जमलं रे!"

कुंपणापलीकडची शेजारीण डोकावली. वैशाली हात पुढे धरून उत्तराची वाट बघत उभी राहिली. मीही.