डावखुऱ्यासमोर त्याला बसवू नका

मी बारावी नापास आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी टीमच्या मॅनेजरला अक्कल शिकवायला लागले की कुणी म्हणायला नको, हिला काय कळतं. बेसबॉल मला कुणी शिकवला नाही, तो मला इथे परदेशात, चँडलर नावाच्या गावातल्या अपार्टमेंटमध्ये लेक मांडीवर घेऊन बसल्या बसल्या आला, आणि आला तो भीतीमुळे.

भीती कशाची म्हणाल तर सगळ्याचीच. लग्न झालं आत्याच्या मुलाशी, तो इथे कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, घरातल्या घरात ठरलं म्हणून माझं शिक्षण कुणी विचारलं नाही, आणि मी आले ती थेट इथल्या तिसऱ्या मजल्यावर. हे पहाटे साडेपाचला जायचे, बारा तासांची शिफ्ट, आत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालायचा आणि फोन बाहेर लॉकरमध्ये, म्हणजे मला काही झालं तर यांना कळणार जेवणाच्या सुट्टीत. फोडणी जरा जास्त झाली की छताला लावलेला धुराचा अलार्म बोंबलायचा, मी ताट हलवत त्याच्याखाली नाचायचे. बेल वाजली की लेकीला उचलून सोफ्यामागे, तोंडावर बोट, श्श. ती बोलायच्या आधी श्श करायला शिकली. पुढे पुढे बेल वाजली की स्वतःच तोंडावर बोट ठेवायची, आणि मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

टीव्ही लावायचे तो घरात कुणी पुरुष माणूस आहे असं बाहेर वाटावं म्हणून. बातम्या लावल्या की लेक रडायची, गाणी लावली की मला माहेर आठवून मीच रडायचे. मग एकदा मॅच लागली. हिरवंगार मैदान, कुणाला घाई नाही, एक माणूस बॉल टाकतो, मग बराच वेळ टोपी नीट करतो, कॉमेंट्रीवाले दोघं पान खाऊन ओसरीवर बसल्यासारखे निवांत बोलतात. लेक गप. मी पण गप. नऊ इनिंगची अख्खी मॅच, अडीच-तीन तास कसे गेले कळलं नाही. दुसऱ्या दिवशी परत लावली.

महिनाभरात मला कळायला लागलं की बॉल मारून पुढच्या बेसवर, म्हणजे मैदानातल्या त्या पांढऱ्या गादीवर, वेळेत पोचला तर अंपायर दोन्ही हात आडवे पसरून 'सेफ' देतो, आणि मी ओरडायला लागले. एका संध्याकाळी दारावर थाप पडली, मी सोफ्यामागे, आणि बाहेरून आवाज आला, चक्क मराठीत, "अगं ए, फाउल होता तो बॉल! नाचतेस काय माझ्या डोक्यावर?"

या खालच्या मजल्यावरच्या काकू. चाळीस वर्षं या देशात, काका गेल्यापासून एकट्या, पंजाबी ड्रेसवर टीमची टोपी. म्हणाल्या, "दहा दिवस ऐकतेय, वरून कोण 'पळ की मेल्या' ओरडतं. म्हणलं एवढी आपुलकीची शिवी म्हणजे आपलंच माणूस." तेव्हापासून मॅच आम्ही त्यांच्याकडे बघायची, मी भजी नाहीतर पोहे घेऊन जायचे.

आणि भांडायचे. इथल्या टीममध्ये सव्वीस माणसं ठेवता येतात, ती कुठली ठेवायची यावर आमचं कधी जमलं नाही. त्या वर्षी आमच्या मॅनेजरने तीन कॅचर ठेवले होते. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवा बसतो तो. एका वेळी एकच बसतो, मग तीन कशाला? आणि शेवटच्या इनिंगला जोरात पळणारा माणूस पाहिजे तर तो नाही. मी म्हणलं, "काकू, हे म्हणजे लग्नात तीन तीन आचारी आणि पंगतीत वाढायला कुणी नाही." एक नवा पोरगा खालच्या, शिकाऊ टीममधून वर आणला, चार दिवस बॅट लागली नाही तर परत पाठवला. मी म्हणलं, "नवी सून, चार दिवस पोळ्या जाड झाल्या म्हणून माहेरी धाडली."

काकू म्हणाल्या, "पोळी जाड झाली तर तूप लावून खाता येते. मॅच हरली तर काय लावायचं?"

पण खरं भांडण होतं आमच्या डावखुऱ्या बॅटरवरून. डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, अवघड जातो, बॉल त्याच्या पाठीमागून आल्यासारखा येतो आणि मग लांब पळतो. म्हणून मॅनेजर लोक जोडी करतात, त्याला प्लॅटून म्हणतात. समोर उजवा पिचर असला की हा खेळणार, डावखुरा असला की हा बाकावर आणि त्याच्या जागी उजवा बॅटर. आमचा हा पोरगा इतका गोड मारायचा, पण डावा पिचर आला की खाली बसवायचे. बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळायचा, आणि असा हसायचा की जसं काही त्याला चालतं. मला त्याचं ते हसू बघवायचं नाही.

"त्याला डाव्यांसमोर येतच नाही," काकू म्हणायच्या. "आकडे बघ."

"येणार कसं? पाठवतच नाहीत. दहा वर्षं पोहायला नेलं नाही आणि म्हणायचं हा बुडतो."

"तू मॅनेजर असतीस तर बुडवलाच असतास."

आता हे सगळं मजेत चाललेलं, पण घरात एक गोष्ट मजेची नव्हती. लेक सव्वादोन वर्षांची झाली आणि बोलत नव्हती. पाणी हवं असलं की माझं बोट धरून फ्रीजकडे न्यायची. मम्मा, बाबा नाही, काही नाही. यांनी ती वर्षाची झाल्यापासून नियम केला होता, घरात तिच्याशी इंग्लिशच बोलायचं, दोन भाषांनी पोर गोंधळते, पुढे शाळेत मागे पडते. यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी तसंच केलेलं. मी म्हणलं, बरं. पण माझं इंग्लिश किती, तर कम, सीट, ईट, गुड गर्ल. ते संपलं की मी गप्प. मला कधी वाटलंच नाही की मी गप्प आहे, वाटायचं मी नियम पाळतेय. यांच्याशी आणि काकूंशी मराठीत बडबडायचे, लेकीकडे वळले की तोंडाला कुलूप.

डॉक्टरांनी कान तपासले, चांगले निघाले, मग बोलण्याच्या तपासणीला पाठवलं. त्याची वेळ मिळायला तीन महिने लागले. सकाळी अकराची. मी त्या तारखेकडे डोळे लावून बसले होते, भीती दोन, पोरीचं काय सांगतील याची एक आणि टीव्हीने झालं म्हणतील याची दुसरी, कारण टीव्ही मीच लावलेला. त्यातल्या त्यात धीर एवढाच की बोलणार हे. बाहेरचं बोलणं कायम यांचंच. डॉक्टर, घरमालकाचं ऑफिस, बँकेचा फोन, समोरचा इंग्लिश बोलणारा आला की हे पुढे, मी मागे पोरीला घेऊन हसत उभी.

आदल्या संध्याकाळी मॅच होती. सातवी इनिंग, दोन माणसं बेसवर, आपला डावखुरा बॅटिंगला चालत निघालेला, तेवढ्यात समोरच्यांनी डावखुरा पिचर आणला. आमच्या मॅनेजरने लगेच याला परत बोलावलं आणि उजवा बॅटर पाठवला. मी उभीच राहिले, "अहो नको, नको, नको! राहू द्या त्याला!" उजव्याने बॉल जमिनीवर मारला, एका फटक्यात दोन आऊट, आधीचा एक धरून तीन, इनिंग खलास.

"बघा!" मी म्हणलं.

काकू शांतपणे भजं खात म्हणाल्या, "हिशोब बरोबर होता. माणूस चुकला."

सकाळी साडेनऊला यांचा फोन. आतून बाहेर येऊन, सूट काढून केलेला, म्हणजे काहीतरी झालंय हे मला आवाजाच्या आधीच कळलं. "अगं, मशीन बंद पडलंय, मला सुटता येत नाही. तू कॅन्सल कर. पुढची वेळ घेऊ."

"आणखी तीन महिने?"

"मग काय करणार? तू एकटी काय बोलशील तिथे?"

रागाने नाही म्हणाले, खरं तेच म्हणाले. मी बरं म्हणून फोन ठेवला. मग लेकीला काखेत मारलं आणि खाली पळाले. काकूंनी ऐकलं आणि गाडीची किल्लीच उचलली. "चल. मी बोलते. त्यात काय आहे? बदली बॅटर म्हणून मी जाते."

इतका जीव भांड्यात पडला माझा! रस्ताभर मी काकूंना सांगत होते, हे विचारा, ते विचारा, टीव्हीचं सांगू नका. काकू हं हं करत होत्या. तिथे पोचलो, बसलो, अकरा वाजले, आतून एक बाई आल्या, लेकीचं नाव वाचलं आणि पटपट काहीतरी बोलल्या. काकू उठायला लागल्या. गुडघे धरून, हळूहळू, आणि त्या उठताना मला एकदम तो पोरगा दिसला, बॅट खाली करून बाकाकडे परत येताना, आणि त्याचं ते हसू. आणि मला कळलं की मी पण तस्संच हसतेय. आत्ता. लेकीला धरून, तोंड पसरून.

"काकू, तुम्ही बसा," मी म्हणलं.

"काय?"

"बसा तुम्ही. मी जाते."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, टोपी जरा मागे केली. "डावखुरी आहे हं समोर."

"असू दे."

लेकीला कडेवर घेऊन मी आत गेले. आत लहान खुर्च्या, खेळणी. मी पहिलं वाक्य बोलले, "स्लो प्लीज. माय इंग्लिश स्मॉल." बाई खरंच हळू बोलायला लागल्या, एवढं सोपं होतं ते! त्यांनी विचारलं, स्क्रीन टाइम किती? मी म्हणलं, "नाइन इनिंग्ज." त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही, परत विचारलं. मी म्हणलं, "समटाइम्स एक्स्ट्रा इनिंग्ज." त्या हसल्या तशा मी पण हसले, पण ते हसणं वेगळं होतं. मग विचारलं, घरी कुठली भाषा? मी जरा ऐटीत सांगितलं, ओन्ली इंग्लिश.

त्यांनी एक मऊ बॉल माझ्या हातात दिला, म्हणाल्या, खेळा हिच्याशी, मी बघते. मी लेकीसमोर बसले. "बॉल," म्हणलं. "गुड बॉल. टेक बॉल." लेकीने बॉल घेतला. आणि माझं इंग्लिश संपलं. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे, त्या बाई लिहितायत, आणि खोलीत एवढी शांतता की माझ्याच घरातली शांतता मला पहिल्यांदा ऐकू आली. पोर रोज हेच ऐकते? मला रडूच आलं आणि तोंडातून सगळं मराठी सुटलं, "अगं टाक की! टाक इकडे, जोरात, अश्शी! पकडला बघ मी, आता पळ, पळ, पळ की मेले, पोचलीस, पोचलीस!" लेक खिदळत भिंतीपर्यंत पळाली, वळली आणि दोन्ही हात आडवे पसरले, अंपायर सेफ देतो तस्से, आणि मोठ्यांदा म्हणाली, "शेऽऽ!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. विचारलं, ही कुठली भाषा? मी घाबरून सांगितलं, मराठी, पण घरी नाही बोलत हो, हजबंड सेड इंग्लिश. त्या अगदी हळू, एकेक शब्द सोडून म्हणाल्या की घरी हीच बोला, दिवसभर बोला, जी तुम्हाला भरपूर येते ती. दोन भाषांनी पोर गोंधळत नाही. आणि दर गुरुवारी हिला आणा, वेळ लागेल, पण येईल. टीव्ही कमी करा म्हणाल्या ते मी ऐकलं, पण भाषांतर करून काकूंना सांगितलं नाही.

बाहेर आले तर काकू त्याच खुर्चीत, पुस्तक उलटं धरून. "काय झालं गं?"

"बेसवर पोचले," मी म्हणलं.

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी काढलेल्या मोज्यांची नीट घडी घातली. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मी सुट्टी काढतो."

"या की. पण बोलणार मी."

"आणि मी काय करू?"

"लेकीशी मराठी बोला. येतं ना अजून?" तेव्हा कुठे हसले.

आता मॅच तीनच इनिंग बघतो, शेवटच्या. बाकी वेळ माझी कॉमेंट्री चालू असते, कांदा चिरते त्याची, चादरीची घडी घालते त्याची. बेल वाजली की मी दाराकडे जाते, भीत भीत, पण जाते. लेक शब्द बोलते, पाणी, दे, काकू, सेफ. वाक्य अजून नाही, गुरुवार चालू आहेत.

त्या तपासणीच्या आठवड्यातच उजव्या बॅटरचा पाय मुरगळला आणि मॅनेजरला नाइलाजाने आपल्या डावखुऱ्याला डाव्या पिचरसमोर उतरवावं लागलं. तीनदा आला, तीनदा स्ट्राइकआऊट, म्हणजे बॉल बॅटला न लागताच बाद. काकूंनी माझ्या ताटात एक भजं वाढलं, ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं. आजही तो डाव्यांसमोर फार मारत नाही, काकूंचंच खरं ठरेल बहुतेक. तरी मी म्हणते, खेळवा.

परवा आठवी इनिंग होती, डावा पिचर, आपला पोरगा बॅट घेऊन निघालेला, आणि मॅनेजर पायरी चढून बाहेर आला. मी तोंड उघडायच्या आत सोफ्यावरून लेकीचा आवाज आला, खणखणीत, "नको! नको नको!"

काकूंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "घ्या," म्हणाल्या, "आता दोघी झाल्या."