पंचमीचं मैदान

आमच्या नगरपालिकेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला वेगळी खोली मिळाली, खिडक्यांना पडदे मिळाले आणि मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनलाही नव्हता तो एसी मिळाला. चपला बाहेर काढून आत जायचं. उन्हाळ्यात आम्ही कारकून मंडळी काही ना काही निमित्त काढून तिथं गारव्याला जाऊन उभे राहायचो.

तो शिकायला कोणाला पाठवायचं हा विषय निघाला आणि सगळ्यांना एकदम आपापली दुखणी आठवली. कोणाची कंबर धरली होती, कोणाचे डोळे गेले होते. मी टायपिस्ट. लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती. मला काही दुखणं सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. सांगलीला विश्रामबागेतल्या एका क्लासला एसटीनं जाऊन-येऊन शिकले. पहिल्याच आठवड्यात तिथले सर म्हणाले, "तुम्हाला फक्त टाइप करायचंय ना? मग प्रोग्रॅम लिहायला कशाला शिकता?" त्या वाक्याचा मला जो राग आला, त्याच्या जोरावर मी सगळा कोर्स पुरा केला. प्रोग्रॅम लिहायला शिकूनच परत आले.

आल्यावर पाणीपट्टीची बिलं काढायचं काम मिळालं. सहा महिन्यांत त्या कामाचा मला कंटाळा आला. पुढं जे झालं ते मैदानामुळं.

गावात मैदान एकच. यात्रेच्या कुस्त्या तिथं, पुढाऱ्यांच्या सभा तिथं, ऑर्केस्ट्रा तिथं, क्रिकेटचे सामने तिथंच. परवानगी आमच्या ऑफिसातून. अर्ज जो तो आपल्या हिशेबानं लिहायचा. कोणी तारीख घालायचं, कोणी तिथी. तारखेचे अर्ज एका फायलीत, तिथीचे दुसऱ्या फायलीत, आणि त्या दोन फायलींची कधी गाठ पडायची नाही. कॉम्प्युटर यायच्या आदल्या वर्षी चैत्र वद्य पंचमीला, म्हणजे गावच्या यात्रेच्या दिवशी, तालमीच्या कुस्त्या होत्या. त्याच दिवशी हायस्कूलच्या खेळाच्या बाईंनी मुलींच्या खो-खोचे सामने ठेवले होते. परीक्षा संपल्यानंतरचा आणि मुली मामाच्या गावाला पांगायच्या आधीचा तेवढा एकच रविवार त्यांना मिळायचा. सकाळी मुली खांब रोवत होत्या आणि तिकडून हलगी वाजवत तालीम आली. दोघांच्याही हातात आमच्याच शिक्क्याची परवानगी. मग काय, ज्यांचा आवाज मोठा त्यांचं मैदान. सांगलीहून, वाईहून आलेल्या मुली न खेळताच परत एसटीत बसल्या. बाई स्टँडवर उभं राहून एकेका टीमची माफी मागत होत्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

कुस्ती कमिटीचे अध्यक्ष होते माझे सासरे. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, गावात शब्दाला वजन. त्या दिवशी घरी जेवताना मी विषय काढला, तर म्हणाले, "पोरींचा खेळ कवाबी हुतोय. पंचमी वर्षातनं एकदाच येती." त्यात त्यांना गैर काहीच वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, पण मी नुसती भाजी वाढली.

पुढं नवे मुख्याधिकारी आले. तरुण होते. त्यांनी हे प्रकरण ऐकलं आणि परवानगीच्या कारकुनाला विचारलं, "एका मैदानाला एका दिवशी दोन परवानग्या कशा गेल्या?" तो अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, एक तारखेची होती, एक तिथीची." जणू ते दोन वेगळे दिवस. साहेब हसले आणि माझ्याकडं वळले. "तुमचं ते यंत्र फक्त पाणीच मोजतं का?"

मी पंचांग घेऊन बसले. वर्षभराच्या तिथ्या, ज्या दिवशी सूर्योदयाला जी असेल ती, अशा एकेक करून तारखांना जोडल्या. मराठी अक्षरं होती, पण जोडाक्षरं तुटकी दिसायची; त्यावर पुष्कळ हसून घेतलं लोकांनी. अर्जात तिथी असो की तारीख, यंत्र त्याचा एकच दिवस करायचं. तो दिवस मोकळा असेल तर स्वतःच परवानगीचा नंबर द्यायचं आणि गेला असेल तर 'ही तारीख दिलेली आहे' असं दाखवायचं. पहिला आला त्याचा दिवस. एकदा दिलेला दिवस ज्यानं घेतला त्याच्याच सहीनं, त्याच्या पावतीवरचा गुप्त आकडा यंत्रात घातला तरच सुटणार, दुसरा मार्गच मी ठेवला नाही. साहेबांनी स्वतः बसून तारीख बदलायचा प्रयत्न केला, मग मला करायला लावलं. मलाही जमलं नाही. त्या दुपारी मी इतकी खूश होते की सगळ्या ऑफिसला भजी खाऊ घातली.

आणखी एक गोष्ट केली. कॉम्प्युटर त्या थंडगार खोलीतून काढून खिडकीशी आणला आणि त्याचा अक्षरं उमटायचा पडदा तिरका ठेवला, मला दिसेल आणि बाहेरच्यालाही दिसेल असा. माझी मान दुखायची, धूळ यायची, एसी गेला म्हणून सहकारी वर्षभर माझ्यावर रुसले. पण लोक खिडकीत वाकून आपापला दिवस बघायला लागले. 'साहेब बघतील', 'पुढच्या आठवड्यात या' ही वाक्यं त्या खिडकीतून हद्दपार झाली. हे माझ्या हातून झालं, असं मी आजही कोणालाही सांगते.

मधली वर्षं पंचमी आणि बाईंचा रविवार जुळले नाहीत. मग अधिक महिना होऊन गेला आणि पंचमी परत एप्रिलच्या अखेरीला आली, नेमकी त्याच रविवारी. बाई जानेवारीतच अर्ज घेऊन आल्या. मी तारीख घातली आणि पडद्यावर तिच्याखाली 'चैत्र वद्य पंचमी' उमटलं. बाईंनीही वाचलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी कोणाची सून ते त्यांना माहीत होतं.

"दिवस मोकळा आहे," मी म्हणाले आणि नंबर काढून दिला.

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या सांगून टाकलं, "मामंजी, पंचमीचं मैदान गेलं. खो-खोला."

ते हसले. "गेलं म्हंजे? आमी अर्ज कुठं दिलाय अजून?"

तालमीचा अर्ज पाडवा झाल्यावर जायचा, कारण मैदान आपलंच अशी खात्री. पाडवा झाला आणि ते आले, कमिटीच्या चौघांना घेऊन. रांगेत उभे राहिले नाहीत, सरळ खिडकीशी आले. मागं बरीच माणसं होती. मी पडद्याकडं बोट दाखवलं.

"मामंजी, षष्ठी मोकळी आहे."

"षष्ठीला कुस्त्या कधी झाल्यात का?" त्यांनी चष्मा लावून पडदा वाचला. "मग हे कोन काढू शकतंय?"

"ज्यांनी घेतलंय त्याच. त्यांच्या सहीनं."

"आन तू?"

"मला नाही जमत. मी तसंच बनवलंय."

कमिटीतला एकजण लगेच सासऱ्यांना म्हणाला, "आबा, मग बाईंकडं जाऊ. सही घ्यायला कितीसा वेळ लागतोय." बाई एकट्या राहायच्या, आणि दारात सुभेदार उभे राहिल्यावर नाही म्हणणं गावात कोणालाच सोपं नव्हतं. माझं सगळं यंत्र तिथं, त्या एका सहीवर, लटकलं होतं.

सासऱ्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "न्हाई. कुनाच्या दारात जायाचं न्हाई. षष्ठी घाल." आणि माझ्याकडं न बघता निघून गेले.

घरात त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. चहा मागायचा तर नवऱ्याला सांगायचे. पैलवानांना धाडलेले निरोप बदलावे लागले, पारावर लोकांनी त्यांची चेष्टा केली. सासूबाई म्हणाल्या, "आगं, एवढं वाकडं करून कशाला घ्यायचं?" मला वाईट वाटत होतं आणि तरी मागं फिरावंसं वाटत नव्हतं. दोन्ही खरं होतं.

रविवारी खो-खो झाला. मैदान माणसांनी भरलं होतं. यात्रेला आलेले पाव्हणे उन्हातान्हात मुलींचा पाठलाग बघत उभे होते. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी कुस्त्याही जोरात झाल्या. सासरे दोन्ही दिवस मैदानात होते, पण घरी अबोला तसाच.

पावसाळ्याआधी एका संध्याकाळी तालुक्यातल्या एका बड्या पुढाऱ्याचा माणूस घरी आला. सभेसाठी मैदान हवं होतं आणि तो दिवस आधीच कोणीतरी भजनी मंडळानं घेतला होता. मी स्वयंपाकघरात होते. तो सासऱ्यांना म्हणाला, "आवं सुभेदार, सून तुमचीच हाय. येक शब्द टाका की."

बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, परेडवर असल्यासारखा खणखणीत, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असा.

"तिनं मला पंचमी दिली न्हाई. मला. आन तुमी कोन लागून गेला?"

मग त्यांनी कितीतरी दिवसांनी मलाच हाक मारली. "सूनबाई, पाव्हण्यांना च्या टाक. ते उद्या खिडकीवर येत्यात, रांगेत."