देणं-घेणं

मला राग यायला फार वेळ लागत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. जळगावात मेहरूणमधलं तिसरं भाड्याचं घर रिकामं करायची वेळ आली, कारण घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. तेव्हा मी ठरवलं, आता स्वतःचं घर घ्यायचं. वय अडतीस, कॉलेजच्या ऑफिसात कायमची नोकरी, लग्न नाही. घर घ्यायला यात अडचण काय, असं मला वाटायचं. पण फ्लॅट पाहायला गेलं की बिल्डरच्या ऑफिसातला माणूस माझ्यामागून कोणी येतंय का, हे बघायचा.

"मिस्टर कधी येतील?"

"मिस्टर नाहीत."

"मग भावाला, वडिलांना कुणाला तरी घेऊन या ना मॅडम. सगळं एकदमच दाखवतो."

दोन ठिकाणी हेच झालं आणि दोन्ही ठिकाणी मी भांडून आले. शेवटी आमच्या कॉलेजातले अकाउंटंट म्हणाले, "आधी बँकेतून पूर्वमंजुरीचं पत्र घ्या. घर ठरायच्या आधीच बँक तुमचा पगार, कागद सगळं तपासून लिहून देते की या बाईंना अमुक इतकं कर्ज देऊ. ते पत्र टेबलावर ठेवलं की मिस्टरांचं नाव कोणी काढणार नाही." मला ते पटलं. मी अर्ज केला आणि रात्री आईला फोनवर सांगितलं.

आई धुळ्याला, देवपुरात राहते. वडील गेल्यापासून एकटीच. आम्ही शिकलेल्या मुली तिच्याशीही शहरी मराठीत बोलतो, ती मात्र अहिराणी सोडत नाही. "घर देखं नही, दार देखं नही, अन् बँकमा जाई राहिनी!" ती म्हणाली. "बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी." मी नेहमीप्रमाणे चिडले आणि फोन ठेवला. अर्जावर कायमचा पत्ता म्हणून देवपूरचं घर लिहिलंय, हे सांगायचं त्या चिडण्यात राहूनच गेलं.

पंधरा दिवसांनी बँकेने बोलावलं. कर्जविभागाचे साहेब माझ्याहून लहानच असतील. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. बँकेचा माणूस देवपूरला चौकशी करून आला होता, त्याचा तो अहवाल. त्यात तीन शेरे होते. अर्जदाराचं वय घरच्यांच्या सांगण्याशी जुळत नाही. अर्जदार लवकरच नोकरी सोडण्याच्या विचारात आहे. कुटुंबावर देणी आहेत आणि ती फेडण्याची तयारी आहे.

"मॅडम, असं असेल तर पत्र देता येणार नाही," साहेब म्हणाले.

मी बँकेच्या पायऱ्यांवरूनच आईला फोन लावला. आधी तिला काही समजेना. मग एकदम तिच्या लक्षात आलं.

"तो माणूस बँकना व्हता? मग त्यानी आधी सांगानं व्हतं ना! पोरनी चौकशी कराले आखो कोन येस?"

त्या माणसाने सांगितलं असणार, पण आईने ऐकलं नसणार. इस्त्रीचा शर्ट घातलेला अनोळखी माणूस दारात येतो, मुलीचं नाव घेतो, नोकरी कुठे, पगार किती, घरी कोण कोण, असं विचारतो. आईने त्याला आत बसवून कांदेपोहे केले. माझा हिरव्या साडीतला फोटो दाखवला. वय चार वर्षांनी कमी सांगितलं. "नोकरी कायम आहे ना?" या प्रश्नावर, मुलाकडच्यांना नको असेल तर पोरगी सोडेल, असं सांगून टाकलं. आणि त्याने जेव्हा विचारलं, "काही देणं-घेणं?" तेव्हा ती म्हणाली, रीतीप्रमाणे सगळं करू, मागे हटणार नाही. तो बिचारा कर्जाचं विचारत होता.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आई जळगावला आली. घरी न येता थेट बँकेत. बँकेतून फोन आला आणि मी पोचले तेव्हा ती साहेबांसमोर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि साहेब हसू आवरत होते.

"आजी, मी पुन्हा विचारतो आणि तसं लिहून घेतो," ते म्हणाले. वय विचारलं, आईने खरं सांगितलं. देणं विचारलं, कुणाचं एक रुपयाचंही नाही, म्हणाली. मग त्यांनी विचारलं, "लग्नानंतर त्या नोकरी सोडणार आहेत का?"

पंधरा वर्षं नातेवाइकांना, शेजारणींना, भाजीवालीलासुद्धा आईने एकच उत्तर दिलं होतं, पाहणं चालू शे. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"ती नोकरी सोडनार नही," ती म्हणाली. "लगीनबी करनार नही. तिले घर लेनं शे. लिखी ल्या."

हे एक वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं तिच्याशी भांडले होते! आणि ऐकलं तेव्हा मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तिने काय सोडून दिलं ते मला दिसत होतं, आणि तिला तिथेच जवळ घ्यावंसं वाटत होतं. पण समोर साहेब होते, म्हणून मी तिच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्याकडे घेतली.

कॉलेजचा दाखला जोडला आणि आठवड्याभरात पत्र मिळालं. आई तोवर माझ्याकडेच राहिली होती. पत्र हातात घेऊन तिने बँकेचा शिक्का बघितला आणि म्हणाली, "पंधरा वरीस लोके तुले देखाले येत व्हतात. आते आपुन देखाले जाऊत."

पहिल्याच बिल्डरकडे मी पत्र टेबलावर ठेवलं. तिथल्या माणसाने खुर्च्या पुसल्या, चहा मागवला, चाव्या घेऊन स्वतः वर आला. आईने नळ सोडून पाहिले, ओट्यावरून हात फिरवला, बाल्कनीत उभं राहून ऊन कुठून येतं ते विचारलं. खाली येऊन चहा प्यायली, बिस्किटही खाल्लं. फ्लॅट तिला आवडला होता, मला तिच्या तोंडावरून कळत होतं.

"मग आई, पसंत ना?" तो माणूस हात जोडून म्हणाला.

आई पदर सावरत उठली. अकरा वेळा आमच्या घरात पोहे खाऊन उठलेले लोक जे म्हणाले होते, तेच ती म्हणाली, अगदी त्यांच्याच शहरी मराठीत.

"घरी जाऊन कळवतो."